संतांचे अवशेष आणि आपले गैरसमज



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा माझ्या एका स्नेह्यांनी मला रस्त्यातच थांबवून विचारले, "अहो, वसंतातल्या संध्याकाळी लोकांना हाडांविषयी काय ऐकवणार?" प्रश्न थट्टेचा होता, पण त्याच थट्टेपाशी माझ्या विषयाचा आरंभ होतो. मी ख्रिस्ती नाही. जे सांगणार आहे ते बाहेरून पाहून, वाचून आणि विचारून समजलेले आहे. चुकभूल पदरात घ्यावी.

2014 सालच्या डिसेंबरात मी जुन्या गोव्यास गेलो होतो. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन दर दहा वर्षांनी घडवतात; ते त्या वर्षी 22 नोव्हेंबरला सुरू होऊन 4 जानेवारीपर्यंत चालले होते. बरोबर आमच्याच गावचे एक गृहस्थ होते. वयाने वडील, घरात वारीची परंपरा. रांग पुढे सरकत होती. आमच्या पुढे एक म्हातारी बाई नातवाचे बोट धरून उभी होती. काचेच्या पेटीपाशी पोचताच तिने काचेला हात लावला, तोच हात नातवाच्या डोक्यावरून फिरवला आणि ती पुढे गेली. आमचे गृहस्थ बाहेर आल्यावर म्हणाले, "चारशे वर्षांपूर्वीचे मढे! आणि हे त्याला देव म्हणून पुजतात!"

या वाक्यात दोन आरोप आहेत. पहिला, हे लोक हाडांना देव मानतात. दुसरा, मृत देह ही दूर ठेवण्याची वस्तू असताना ते ती जवळ करतात. दोहोंचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पहिल्या आरोपाचे मूळ पुष्कळसे आपल्या भाषेत आहे. 'पूजा' हा शब्द आपण फार सैल वापरतो. वडिलांना पत्रात 'तीर्थरूप' लिहितो, गुरूला 'पूज्य' म्हणतो, पोळ्याला बैलाची पूजा करतो. खंडेनवमीला सुतार आपल्या रंध्याला हळदकुंकू वाहतो. म्हणून तो रंधा विश्वाचा कर्ता आहे असे तो मानत नाही. कॅथलिक शास्त्राने मात्र येथे शब्द काटेकोर वाटून ठेवले आहेत. ईश्वराची जी आराधना ती 'लात्रिया'. ती त्याच्यावाचून कोणालाही देणे हे पाप. संतांना द्यावयाचा सन्मान तो 'दुलिया'. 787 सालच्या निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने मूर्तींचा सन्मान आणि ईश्वराची आराधना यांतला भेद स्पष्ट सांगितला, आणि अवशेषांचा मानही राखला. 1563 साली ट्रेंटच्या परिषदेने अवशेषांचा आदर योग्य ठरवला आणि त्याच दमात त्यातील अंधश्रद्धा व धनलोभ काढून टाकावा असेही बजावले.

हा भेद मागाहून बचावासाठी शोधून काढला, असेही नाही. दुसऱ्या शतकाच्या मध्यास स्मर्ना नगरात पॉलिकार्प नावाच्या वृद्ध बिशपास जाळून मारले. त्याच्या मृत्यूची हकीकत तेथील ख्रिस्ती मंडळींनी पत्ररूपाने लिहून ठेवली आहे. हे लोक आता ख्रिस्ताला सोडून या पॉलिकार्पाचेच भजन करू लागतील, अशी शंका तेव्हाच विरोधकांनी घेतली होती. त्यावर पत्राचे उत्तर असे की, आराधना आम्ही ख्रिस्ताची करतो. हुतात्म्यांवर प्रेम करतो, कारण ते त्याचे शिष्य होते. आणि मग त्यांनी त्या अस्थी रत्नांहून मोलाच्या मानून जपून ठेवल्या. म्हणजे आमच्या गृहस्थांचा आक्षेप अठराशे वर्षांहून जुना आहे, आणि त्याचे उत्तरही तितकेच जुने आहे.

आता दुसरा आरोप. हा अधिक खोल आहे, कारण तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे. आपल्याकडे मृत्यूबरोबर सुतक येते. देह म्हणजे टाकून दिलेले जीर्ण वस्त्र, ही गीतेतली उपमा आपल्या मनात लहानपणापासून रुजलेली असते. जे वस्त्र टाकले ते घडी करून पेटीत कोण ठेवील? आपण देह अग्नीला देतो, अस्थी पाण्यात सोडतो आणि मोकळे होतो. प्राचीन रोमन लोकांनाही प्रेताचा विटाळ असे. त्यांची स्मशाने गावाबाहेर असत. सम्राट ज्युलियनाने ख्रिस्ती लोकांची, यांनी सारे जग थडग्यांनी भरून टाकले, अशी कुचेष्टा केली. आणि 362 साली अँटिऑकजवळच्या डाफ्नी येथून बाबिलास या हुतात्म्याच्या अस्थी हलवावयास लावल्या.

ख्रिस्ती माणसाची दृष्टी येथेच निराळी पडते. त्याच्या मते देह हे आत्म्याचे वस्त्र नव्हे, माणसाचाच एक भाग होय. आणि अखेरच्या दिवशी माणूस सदेह उठेल अशी त्याची श्रद्धा आहे. ज्या हातांनी रोग्यांची सेवा केली, जे पाय अनवाणी चालले, ते त्याच्या लेखी संपलेले नाहीत. ते वाट पाहत आहेत. ही श्रद्धा आपण स्वीकारावी असे मी म्हणत नाही. पण ती लक्षात घेतल्यावाचून त्या काचेच्या पेटीचा अर्थ लागत नाही.

आणि आपल्याकडे तरी सगळेच देह अग्नीला जातात काय? संन्याशाला आपण जाळत नाही, समाधी देतो. आळंदीला माथा टेकणारा माणूस नुसत्या दगडाला माथा टेकत नाही. बौद्धांनी तर बुद्धाच्या 'धातूं'वर स्तूप उभारले. आपल्या सोपाऱ्यालाच 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडा, त्यात एकात एक बसवलेले आणखी करंडे आणि सर्वांत आत सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याची बारीक खापरे मिळाली. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते तुकडे कोणी तरी इतक्या मायेने ठेवले होते. तेथून जवळच वसई आहे. 1597 साली नागासाकीला क्रुसावर मरण पावलेले आणि 1862 साली संतपद मिळालेले गोन्सालो गार्सिया त्या वसईचे. श्रद्धा निरनिराळ्या, पण करंडा जपणारा हात ओळखीचा वाटतो.

आता स्वतः झेवियर यांच्याविषयी. 1542 च्या मे महिन्यात ते गोव्यास आले. 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सांशान बेटावर त्यांचे देहावसान झाले. पुढे अस्थी नेणे सोपे जावे म्हणून शवपेटीत चुना घातला होता. काही आठवड्यांनी पेटी उघडली तेव्हा देह जसाच्या तसा आढळला, अशी हकीकत आहे. तो मलाक्क्यास आणि तेथून 1554 च्या मार्चमध्ये गोव्यास आणला. 1614 साली उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग रोमला नेला. ज्या हाताने हजारोंना बाप्तिस्मा दिला तो हात म्हणून. 2018 साली हाच हात कॅनडाभर दर्शनासाठी फिरला आणि विमानात त्याच्यासाठी स्वतंत्र आसन राखले होते.

देह कुजला नाही, हा चमत्कार मानलाच पाहिजे असा कॅथलिकांचा सिद्धान्त आहे, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आज तो देह वाळून पुष्कळ झिजलेला आहे आणि चर्चही त्यास 'पवित्र अवशेष' एवढेच म्हणते. 2024 च्या दर्शनापूर्वी या अवशेषांची डीएनए तपासणी करावी, अशी मागणी गोव्यात झाली आणि तीवरून रस्त्यावर निदर्शने झाली. मागणीपेक्षा तिच्यातला सूर लोकांना झोंबला. अवशेष खरे की खोटे हा प्रश्न अपमानाचा नाही. खुद्द चर्चनेच तो शतकानुशतके विचारला आहे. मोहोरबंद करंडा आणि त्याबरोबर दाखला ही पद्धत त्यासाठीच पडली. 2017 सालीही अवशेषांच्या सत्यतेविषयी रोमहून नवे नियम निघाले.

मात्र एक बाजू सांगून दुसरी झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. या आदराच्या नावाखाली लबाडी झाली, चोऱ्या झाल्या. 1204 साली धर्मयोद्ध्यांनी कॉन्स्टँटिनोपल लुटले, त्या लुटीत अवशेषही होते. 1215 च्या लॅटरन परिषदेला अवशेषांच्या विक्रीस बंदी घालावी लागली. बंदी घातली याचा अर्थच बाजार भरत होता. 1543 साली कॅल्व्हिनने या प्रकारावर कोरडे ओढले, ते उगाच नव्हे. अवशेष विकणे आजच्या चर्चच्या कायद्यातही निषिद्ध आहे.

गोव्याविषयी तर आपल्या मनात आणखी एक शल्य आहे. झेवियर यांनी 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले होते. ते त्यांच्या मरणानंतर, 1560 साली आले. देवळे पाडली गेली, माणसे देशोधडीस लागली. हे ज्यांच्या घराण्यांनी सोसले त्यांना त्या पेटीपुढे हात जोडवले नाहीत, तर त्यांना मी दोष देणार नाही. पण इतिहासाचा जाब विचारणे वेगळे आणि त्या म्हातारीला मढे पुजणारी म्हणणे वेगळे. पहिला आपला हक्क आहे. दुसरे आपले अज्ञान आहे. तिच्या लेखी तो 'गोंयचो सायब' आहे, आपल्या गावाचा राखणदार. ज्या गोव्यात नावे बदलली, दैवते बदलली, तेथे गावाला राखणदार हवा ही भावना तेवढी बदलली नाही, असे मला वाटते.

पुढल्या आषाढात पुण्याला पालखी आली. तेच गृहस्थ गर्दीतून वाट काढीत पादुकांपाशी गेले, डोके टेकले आणि हात स्वतःच्या मुलाच्या कपाळाला लावला. मी जवळच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मी त्यांच्याकडे. थोडे थांबून ते म्हणाले, "त्या बाईनेही असेच केले होते, नाही का?" मी होय म्हणालो. "पण पादुका वेगळ्या हो," ते म्हणाले. तेही खरेच होते. पादुका म्हणजे अस्थी नव्हेत, आणि दोन श्रद्धा एकच आहेत असे म्हणून कोणाचाच मान राहत नाही.

श्रोतेहो, दुसऱ्याचा धर्म पटला पाहिजे असे नाही. पण तो चूक ठरवण्यापूर्वी तो माणूस स्वतः काय करतो आहे असे समजतो, एवढे त्याला विचारावे. त्या रांगेत आम्ही तीन तास उभे होतो. आमच्यापैकी कोणीही त्या म्हातारीला ते विचारले नाही. याची रुखरुख मला आजही आहे.