सोलेमच्या मठांतील दहा दिवस

ईस्टरच्या आधींचे चाळीस दिवस कॅथॉलिक घरांतून मोठ्या गांभीर्यानें पाळले जातात. या काळाला इंग्रजींत ‘लेंट’ म्हणतात. आपल्याकडील ख्रिस्ती बांधव त्याला उपवासकाळ म्हणतात. राखेच्या बुधवारीं धर्मगुरु भाविकांच्या कपाळीं राख लावतात आणि हा देह मातीचा असून मातींतच मिळावयाचा आहे याची आठवण देतात. त्या दिवसापासून आहार साधा होतो, करमणूक कमी होते, प्रार्थना व दानधर्म वाढतो. मधले रविवार उपवासांत धरीत नाहींत. शेवटच्या आठवड्यांत, झावळ्यांच्या रविवारापासून, ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा देवळांतून वाचली व गाइली जाते. मराठी वाचकाला ही कथा अगदींच परकी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें गोव्यांत राहून मराठी ओवींत ‘क्रिस्तपुराण’ रचिलें व तें १६१६ सालीं रायतूर येथें छापून निघालें. त्याच्या दुसऱ्या पुराणांत हीच कथा विस्तारानें आली आहे.

परंतु कथा ऐकणें निराळें आणि तिचा अर्थ अंगीं भिनणें निराळें. दुःख माणसाला देवाजवळ नेतें, असें सर्वच धर्मांत सांगितलेलें आढळतें. व्यवहारांत मात्र उलटाच अनुभव पुष्कळदां येतो. दीर्घ आजारानें माणूस चिडखोर होतो. आपत्तीमागून आपत्ति आली म्हणजे देव्हाऱ्यांतील दिवाहि लावावासा वाटत नाहीं. मग दुःखांतून श्रद्धा लाभते ती कोणाला आणि कशी? या प्रश्नाचें एक प्रामाणिक उत्तर फ्रान्समधील एका विदुषीच्या चरित्रांत सांपडतें.

सिमोन वेय हिचा जन्म ३ फेब्रुवारी १९०९ रोजीं पॅरिसमध्यें झाला. वडील डॉक्टर, कुटुंब वंशानें यहुदी, पण घरांत धर्माचें नांवहि नव्हतें. तिचा वडील भाऊ आंद्रे पुढें जगद्विख्यात गणिती झाला. तरुणपणीं तो अलीगढच्या विद्यापीठांत कांहीं काळ प्राध्यापक होता. सिमोनची बुद्धीहि तशीच तीव्र. तत्त्वज्ञानाची उच्च परीक्षा तिनें १९३१ सालीं दिली व ती मुलींच्या शाळेंत शिकवूं लागली. देव आहे कीं नाहीं, या प्रश्नाचा निर्णय या जगांत करतां येत नाहीं, म्हणून तो सोडविण्याचा यत्नच करूं नये, असें तिचें मत होतें.

विशीच्या उंबरठ्यावर असतांना तिला एक दुखणें जडलें. डोळ्यांच्या मागें, मस्तकाच्या मध्यभागीं असह्य कळा येत. अन्न चावण्याचेहि कष्ट होत. उपाय झाले, गुण आला नाहीं. तशाही स्थितींत, मजुरांविषयीं लिहावयाचें तर मजुरांचें जिणें जगून पाहिलें पाहिजे, या निश्चयानें १९३४ सालच्या डिसेंबरांत ती कारखान्यांत कामाला लागली. पुढें रनोच्या मोटारींच्या कारखान्यांतहि तिनें यंत्रावर काम केलें. हात भाजले, कातडें सोललें, ठरलेला आंकडा पुरा होईना म्हणून मुकादमाचे शब्द ऐकावे लागले. तिच्या लक्षांत आलें कीं, शरीराची वेदना ही दुःखाची अर्धी बाजू आहे. जेव्हां वेदनेबरोबर मानहि जातो आणि आपली या जगांत कांहीं किंमत आहे असें स्वतःलाच वाटेनासें होतें, तेव्हां जें उरतें तें खरें दैन्य. रोमन लोक गुलामाच्या कपाळीं तापल्या लोखंडाचा डाग देत. तसा डाग आपल्यावर कायमचा उमटला, असें तिला वाटूं लागलें.

त्याच वर्षीं, म्हणजे १९३५ मध्यें, आईबापांबरोबर ती पोर्तुगालांत गेली. समुद्रकांठच्या एका गरीब खेड्यांत ग्रामदैवताप्रमाणें मानलेल्या संताचा उत्सव होता. पौर्णिमेच्या चांदण्यांत कोळ्यांच्या बायका हातांत मेणबत्त्या घेऊन होड्यांभोंवतीं फिरत होत्या आणि फार जुनीं, फार करुण गीतें गात होत्या. तेथें एकटी उभी असतांना तिच्या मनांत आलें कीं, ख्रिस्ती धर्म हा मुळांत गुलामांचा धर्म आहे, आणि आपणहि त्या गुलामांपैकींच एक आहों. १९३७ सालीं इटलींत असिसी येथील लहानशा प्राचीन प्रार्थनामंदिरांत, जेथें संत फ्रान्सिस प्रार्थना करीत असे, तेथें ती आयुष्यांत प्रथमच गुडघे टेकून बसली. कोणी सांगितलें नव्हतें. पण उभें राहवेना.

यानंतर आला १९३८ चा उपवासकाळ. त्या वर्षीं झावळ्यांचा रविवार १० एप्रिलला होता व ईस्टर १७ ला. सार्त नदीच्या कांठीं सोलेम नांवाचें गांव आहे. तेथील बेनेडिक्टाइन संन्याशांचा मठ प्राचीन ग्रेगोरियन गायनाच्या पुनरुद्धाराबद्दल प्रसिद्ध आहे. या गायनांत वाद्यांची गर्दी नाहीं, तानांचा दिमाख नाहीं. एकाच स्वररेषेवर शब्द सांवकाश चढतात व उतरतात. झावळ्यांच्या रविवारापासून ईस्टरनंतरच्या मंगळवारापर्यंत, असे दहा दिवस, सिमोन तेथें राहिली आणि एकूण एक उपासनेला हजर राहिली.

ती गेली होती गायनासाठीं. आणि डोकेदुखी तर ऐन भरांत होती. प्रत्येक स्वर घणाच्या घावाप्रमाणें मस्तकावर आदळे. तिनें उठून जावें, कान झांकून घ्यावेत, हें स्वाभाविक होतें. तिनें तसें केलें नाहीं. मनाची सारी शक्ति तिनें त्या स्वरांवर व शब्दांवर एकवटली. तेव्हां तिला असें अनुभवास आलें कीं, दुखणारा देह एका कोपऱ्यांत पडून आपला आपण दुखत आहे आणि मन मात्र त्या गायनाच्या सौंदर्यांत निर्मळ आनंद भोगीत आहे. दुःख गेलें नव्हतें. आनंदहि खोटा नव्हता. दोन्ही एकाच वेळीं, एकाच माणसाच्या ठिकाणीं नांदत होतीं. विपत्तींतूनहि ईश्वरी प्रेमावर प्रेम करतां येतें, हें तिला या उदाहरणावरून उमगलें. आणि ख्रिस्ताच्या दुःखभोगाचा विचार त्या दिवसांत तिच्या अंतःकरणांत कायमचा शिरला.

तेथेंच भेटलेल्या एका तरुण इंग्रज कॅथॉलिकाकडून तिला सतराव्या शतकांतील इंग्रज कवींची ओळख झाली. जॉर्ज हर्बर्ट या कवीची ‘लव्ह’ ही कविता तिनें पाठ केली. कळ शिगेला पोंचली कीं ती ही कविता सारें लक्ष लावून म्हणे. आपण केवळ एक सुंदर कविता म्हणत आहों, अशी तिची समजूत होती. ती प्रार्थना होऊन बसली आहे, हें तिला ठाऊक नव्हतें. अशाच एका प्रसंगीं ख्रिस्त स्वतः आपल्याजवळ आला, असा अनुभव तिला आला. हें तिनें १९४२ च्या मे महिन्यांत फादर पेरँ या स्नेही धर्मगुरूला पत्रांतून कळविलें.

दुखण्यानें क्षीण झालेल्या मेंदूचा हा भास नसेल कशावरून, अशी शंका सुज्ञ श्रोत्याच्या मनांत येईल. ती शंका सिमोनला सर्वांच्या आधीं आली होती. प्रार्थनेचे शब्द पुनःपुन्हा उच्चारल्यानें मन फसतें, या भीतीनें तिनें तोंवर कधीं प्रार्थनाच केली नव्हती. संतांच्या साक्षात्काराचीं पुस्तकें वाचलीं नव्हतीं. तिचें हृदय पटलें तरी बुद्धि पुढेंहि बरेच दिवस अडून राहिली होती. भासाच्या मागें धांवणाऱ्या माणसाचें हें लक्षण नव्हे.

१९४० सालीं तिनें भगवद्गीता वाचली. ईश्वरी अवताराच्या मुखांतील ते शब्द तिला ख्रिस्तवाणीशीं इतके जुळणारे वाटले कीं, त्यांना नुसत्या सुंदर काव्याप्रमाणें वाखाणणें पुरेसें नाहीं, असें तिला वाटलें. ती संस्कृतहि शिकूं लागली. १९४१ सालीं द्राक्षांच्या मळ्यांत मजुरी करतांना ती ख्रिस्ताची प्रार्थना मूळ ग्रीकमध्यें रोज म्हणे, आणि चित्त जरा ढळलें तर पहिल्यापासून आरंभ करी. तरीहि त्या काळांत तिनें बाप्तिस्मा घेण्यास नकार दिला. ज्या असंख्यांना चर्चच्या बाहेरच राहावें लागतें, त्यांना सोडून आपण एकट्यानें आंत जाऊं नये, असें ती म्हणे. युद्धाच्या काळांत इंग्लंडांत असतांना तिला क्षय झाला. शत्रूच्या ताब्यांतील फ्रान्समध्यें लोकांना जेवढें मिळत असेल त्याहून अधिक खाण्याचें तिनें नाकारलें. २४ ऑगस्ट १९४३ रोजीं ॲशफोर्ड येथें, वयाच्या चौतिसाव्या वर्षीं, तिचें देहावसान झालें. या अखेरीचें अनुकरण कोणी करावें असें नाहीं, आणि तें कोणा धर्मानें सांगितलेलेंहि नाहीं.

सोलेमचे दहा दिवस मात्र प्रत्येक घराला कांहींतरी देऊन जातात. तेथें दुःखानें श्रद्धा दिली नाहीं. नुसतें दुःख माणसाला आपल्यापुरतें आंखडून टाकतें. कळ आली कीं सारें जग त्या कळेएवढें होतें. सिमोननें त्या कळेंतूनहि आपलें लक्ष दुसरीकडे देऊन ठेविलें, आणि त्या मोकळ्या जागेंतून श्रद्धा आंत आली. ती आली म्हणून डोकेदुखी थांबली नाहीं. चमत्काराचें बक्षीस तिनें मागितलें नाहीं, आणि तें मिळालेंहि नाहीं.

हेंच लक्ष शेजाऱ्याकडे वळलें म्हणजे त्याचें प्रेम होतें, असें ती पुढें मानूं लागली. पीडिताला प्रथम हवा असतो तो त्याला काय होत आहे हें खरोखर विचारणारा आणि उत्तर ऐकण्यास थांबणारा कोणी. आजाऱ्याच्या उशाशीं बसणाऱ्याला ही गोष्ट किती कठीण आहे तें ठाऊक असतें. मन घड्याळाकडे जातें, कामाकडे जातें, स्वतःच्या शिणाकडे जातें. त्याला वारंवार परत आणावें लागतें. उपवासकाळाचा आठवडाहि असाच आहे. ईस्टरचा रविवार येतो खरा; पण शुक्रवार टाळून त्याच्याकडे जाणारी वाट नाहीं. त्या शुक्रवारीं क्रुसाजवळ जे उभे राहिले, त्यांच्या हातीं दुसरें कांहींच नव्हतें. ते तेथून हलले नाहींत, एवढेंच.