कापसाच्या मुलखात तळ कुठे टाकावा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेत हशा पिकला. कापूस-ज्वारीचे बोलायचे सोडून अमेरिकेत मुक्काम कुठे करावा, हे कसले भाषण? पण विषय हवेतला नाही. आपल्या गावांतली पोरे टेक्सासात, डॅलस-ह्यूस्टनला नोकरीला आहेत. आई-बापाला ती एकदा तरी बोलावून घेतात. मग दोन महिने म्हातारा-म्हातारी काचेतून रस्ता बघत बसतात, चार दुकाने हिंडतात आणि विमानात बसून परत येतात. अमेरिकेत सर्वांत जास्त कापूस पिकवणारे राज्य ते. आणि आपला कास्तकार तिथून एक बोंडही न पाहता येतो! तिकिटाला लाख रुपये मोडल्यावर एवढेच पदरात पडणार असेल तर ते बरोबर नाही.

तेव्हा पोराला सांगा, सहा दिवसांची रजा काढ, घरगाडी भाड्याने घे आणि पश्चिमेला चल. घरगाडी म्हणजे ज्याला तिकडे आरव्ही म्हणतात ती. चूल, पलंग, फ्रीज, संडास सगळे गाडीतच. बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ना, तसे. हॉटेलचे नखरे नाहीत, भाकरी स्वतःची, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला हवे तेव्हा आडवे होता येते. प्रश्न उरतो तो रात्री गाडी कुठे लावायची याचा. सहल सुधारते किंवा बिघडते ती इथेच.

पोरगा फोनवर फोटो बघून जागा ठरवील. ठरवू देऊ नका. जत्रेला बैलगाडी जुंपून निघणारा माणूस मुक्काम कसा निवडायचा? आधी विहीर बघायचा, मग वाऱ्याचा आडोसा, मग शेजारी कोण उतरले आहे ते. इथेही तेच बघायचे. पाणी आणि वीज जागेवर आहे का? वीज ३० अँपिअरची हवी. १२० व्होल्टला ३,६०० वॅट होतात, म्हणजे आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीइतका भार. एक एसी आणि फ्रीज त्यावर चालतो. मैलपाण्याची नळी जागेवरच जोडता येत असेल तर उत्तम. नाही तर टाकी रिकामी करायची सोय त्या आवारात कुठे आहे ते विचारून ठेवा. सरकारी उद्यानांत बहुतेक जागांना पाणी आणि वीज मिळते, मैलपाण्याला मात्र गाडी ठरलेल्या ठिकाणी न्यावी लागते. यात कमीपणा काही नाही. दोन दिवसांतून एकदा करायचे काम आहे.

वाऱ्याचे मात्र गांभीर्याने घ्या. तो सगळा मुलूख ताटासारखा सपाट, झाड औषधालाही नाही. वसंतात धुळीची वादळे उठतात. ११ मे १९७० रोजी लबक शहरावर चक्रीवादळ आले, त्यात २६ माणसे गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच राज्याच्या उत्तर टोकाला गवत पेटले आणि दहा लाख एकरांवर जळाले. म्हणून जायचे ते ऑक्टोबरच्या अखेरीला. तेव्हा कापूस फुटलेला असतो, यंत्रे शेतात उतरलेली असतात आणि दुपार सोसवते. रात्री गार पडते, कधी दहिवर गोठते. पाण्याची नळी रात्री सोडवून ठेवा. जागा घेताना गाडीचे तोंड वाऱ्याकडे करता येईल अशी घ्या. वादळाचा इशारा आला तर गाडीत थांबायचे नाही, पक्क्या भिंतीची खोली गाठायची. ती कुठे आहे हे पोचल्या संध्याकाळीच बघून ठेवा.

आता वाट सांगतो. डॅलसहून ॲमरिलोकडे जाणारा २८७ क्रमांकाचा हमरस्ता धरा. तीनशे किलोमीटरच्या आसपास चिलिकॉथी नावाचे खेडे लागते. तिथे बघण्यासारखे काही नाही, असे पोरगा म्हणेल. त्याला सांगा, गाडी थांबव. १९५४ साली याच खेड्यातल्या संशोधन केंद्रात स्टीफन्स आणि हॉलंड या दोघांनी ज्वारीतले नर-वांझ वाण हाती आणले आणि संकरित ज्वारीचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे १९६४ मध्ये सीएसएच-१ आली, तिची मादी सीके-६० ए ही याच टेक्सासच्या मातीतली. आपल्या बापाने पेरलेल्या हायब्रीडचे आजोळ म्हणजे हे खेडे. रात्रीचा मुक्काम जवळच्याच क्वाना गावाच्या दक्षिणेला कॉपर ब्रेक्स या सरकारी उद्यानात करा. गर्दी नाही आणि आभाळ इतके काळे की खळ्यावर झोपायचो तेव्हाच्या चांदण्या आठवतील.

पुढे दोन नावाजलेली उद्याने आहेत. पॅलो ड्युरोची दरी सुमारे १९० किलोमीटर लांब आणि सरासरी अडीचशे मीटर खोल. सगळे तिकडेच धावतात. घळीत उतरणारा रस्ता उभ्या उताराचा आहे, नवख्या हाताने मोठी गाडी घेऊन जाताना छाती धडधडते. मला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांनी किटीक्वे गावाजवळचे कॅप्रॉक कॅनियन्स पसंत करावे. माती तशीच लाल, गर्दी कमी, आणि तिथे राज्याने जतन केलेला गव्यासारख्या बायसन जनावरांचा कळप मोकळा फिरतो. गाड्यांच्या तळावरही येतो. आपल्याला गुराढोरांची सवय, म्हणून पाठीवर हात फिरवायला जाऊ नका. पन्नास पावले लांबच बरे.

तिथून खाली लबककडे वळलात की खरा कापूस. पाऊस जेमतेम ४५० ते ५०० मिलिमीटर, यवतमाळच्या निम्मा. खाली ओगलाला नावाचा भूजलसाठा आहे, तो उपसून उपसून खोल गेला, आणि ओलिताची शेते कोरडवाहू होत चालली आहेत. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासात पेरलेल्या कापसापैकी दोन-तृतीयांशाहून अधिक क्षेत्र काढणीपर्यंत पोचलेच नाही. नापिकी फक्त आपल्याच कपाळी लिहिली आहे असे समजू नका.

इथे मात्र पैसे देऊन मोठ्या तळावर जाऊ नका. लेव्हलँड, लमीसा यांसारखी कापसाची गावे बाहेरच्या घरगाड्यांना काही रात्री फुकट जागा देत आली आहेत, वीज-पाण्यासकट. हे दानधर्म नव्हे. पाहुणा थांबला की डिझेल भरतो, किराणा घेतो, एक जेवण बाहेर करतो. माणसे घटत चाललेल्या गावाने केलेला साधा हिशेब आहे हा. नियम बदलतात, म्हणून आदल्या दिवशी नगरपालिकेला फोन करा. खासगी तळ घ्यावाच लागला तर रात्रीच्या हिशेबाने मिळतो का ते विचारा. दक्षिणेकडे तेलविहिरींचे कामगार महिनोन्‌महिने असल्या जागा धरून बसतात, आणि तेलाचा भाव चढला की पाहुण्याला जागा नाही. जिनजवळची जागा बहुतेक लोक टाळतात. हंगामात ती रात्रंदिवस घरघरते. तुम्ही टाळू नका. वेचणीला एक मजूर नसताना पिवळ्या-गुलाबी प्लास्टिकात गुंडाळलेल्या कापसाच्या गाठोड्या शेतातून जिनपर्यंत कशा येतात, ते झोप मोडून बघण्यासारखे आहे.

शेतकऱ्याच्या वाड्यावरही उतरता येते. हार्व्हेस्ट होस्ट्स म्हणून एक संस्था आहे. तिची वर्गणी भरली की सभासद शेतकरी एक रात्र गाडी फुकट लावू देतो, पाहुण्याने त्याचा माल विकत घ्यावा ही अपेक्षा. वीज-पाणी मागायचे नाही, संडास आपला. पाहुणा घसरून पडला तर? टेक्सासने २०१५ मध्ये कायदा केला. ठरावीक मजकुराची इशाऱ्याची पाटी लावलेली असली की शेतीच्या अंगभूत धोक्यांपायी झालेल्या दुखापतीची भरपाई शेतकऱ्याच्या गळ्यात पडत नाही. आपल्याकडे २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आले. ज्यांना आपल्या बांधावर पाहुणे उतरवायचे आहेत त्यांनी दोन्हींतला फरक ध्यानात घ्यावा.

जाताना चपला-बूट घासून धुऊन न्या. शेतावर जाऊन आलात का, हे तिकडच्या विमानतळावर विचारतात. विचारले तर खरे सांगा. येताना सरकी खिशात घालून आणू नका, परवान्याशिवाय बी आणायला बंदी आहे.

सरकारी उद्यानांतली जागा पाच महिने आधीपासून राखून ठेवता येते. ऑक्टोबरअखेरचा शनिवार-रविवार हवा असेल तर पोराला मे संपायच्या आत सांगा.