गणिताची वाट बंद करू नका
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव आताच झाला. अशा आनंदाच्या प्रसंगी आम्ही आमच्याच हातून घडलेल्या एका चुकीविषयी बोलणार आहोत, याबद्दल क्षमा असावी.

धाराशिव जिल्ह्यास विद्या सुखासुखी लाभलेली नाही. निजामी अमलात राष्ट्रीय शिक्षण मिळावे म्हणून १९२१ साली हिप्परगा येथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तेथे अध्यापन करीत. आज शाळा आहेत, पुस्तके आहेत. उणीव आहे ती विचारपूर्वक विषय निवडण्याची.

राज्य मंडळाच्या शाळांत पूर्वी ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय असे. २०१७-१८ पासून नववीत तो बंद झाला आणि बीजगणित व भूमिती सर्वांच्या वाट्यास आली. केंद्रीय मंडळाने मात्र २०२० च्या परीक्षेपासून दहावीस प्रमाण व मूलभूत अशा दोन पातळ्या ठेवल्या. पाठ्यक्रम एकच, प्रश्नपत्रिका निराळ्या. गणितास भिणाऱ्या पालकांनी राज्य मंडळाचे २०१८ साली आलेले दहावीचे बीजगणित एकवार उघडून पाहावे. त्यातील ‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवाकराचा आणि शेअर्सचा हिशेब आहे. हे ज्ञान आपल्या दुकानदार बंधूंना रोज लागते!

खरी वाट फुटते ती अकरावीस. विज्ञान शाखेत गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय ठेवता येतात. परंतु ओझे नको म्हणून अनेक जण गणित सोडतात. २०२० साली आमच्या पुतणीने गणित ठेवण्याचा हट्ट धरला होता. “मुलीच्या जातीला एवढे गणित कशाला?” असे म्हणून आम्हीच तिला ते सोडावयास लावले. ती बारावीत असताना, २०२१ साली, राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींना खुली झाली. तिला हवाई दलात जावयाचे होते. त्यासाठी बारावीस भौतिकशास्त्र व गणित आवश्यक. गणित नव्हते, वाट खुंटली. “काका, आता काय करू?” या तिच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज ती पदवीधर आहे, समाधानी आहे. तिने आम्हांस कधी बोल लावला नाही. परंतु आकाशात विमान दिसले म्हणजे आमची मान खाली जाते.

म्हणून आमची विनंती एवढीच की, अकरावीचा अर्ज भरण्यापूर्वी पाल्यास जवळ बसवून त्याचा कल विचारावा. ज्या शिक्षणाची त्यास आवड आहे त्यास कोणते विषय लागतात, हे शिक्षकांकडून समजून घ्यावे. मुलास एक न्याय व मुलीस दुसरा, असे करू नये. आणि आपल्यांतील ज्यांना गणित येते त्यांनी आठवड्यातून दोन तास गल्लीतील मुलांना द्यावेत. त्याचा आरंभ येत्या रविवारी आम्ही आमच्या ओसरीवर करीत आहोत.

पाटी घेऊन कोणीही यावे. मुलींनी अवश्य यावे.