सडाची जखम : गोसेवेची खरी कसोटी



गाईला माता म्हणण्याची परंपरा प्राचीन आहे. परंतु मातृत्वाचा गौरव केवळ शब्दांनी होत नाही. ज्या कासेवर वासराचे आणि घराचे पोषण चालते ती कास जखमी झाली असता गोठ्यातील माणसे काय करतात, येथे गोसेवेची परीक्षा होते.

सडाची जखम लहान दिसते, म्हणून तिची उपेक्षा होते. पायाची वा खांद्याची जखम विश्रांतीने भरून येते. सडाला मात्र विश्रांतीच नाही. दिवसातून दोनदा धार निघते, मधल्या वेळी वासरू लुचते आणि सांधू पाहणारी जखम पुन्हा उकलते. त्यातच सडाच्या टोकाचा मार्ग जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा. त्याच्या तोंडाशी निसर्गाने ठेवलेला पहारा जखमेमुळे मोडला की जंतू थेट कासेत शिरतात आणि कासदाह, म्हणजे खेड्यापाड्यांत ज्याला दगडी म्हणतात तो रोग, उद्भवतो. कासेचे चार कप्पे परस्परांपासून स्वतंत्र असतात. त्यांतील एक घट्ट होऊन कायमचा आटला, तर त्याचे दूध इतर तिघांकडून पुरते भरून निघत नाही. उत्पन्न घटते, तीन सडांची गाय दावणीला भार वाटू लागते आणि तिला बाजार दाखवण्याचा विचार पुष्कळदा येथूनच सुरू होतो.

या जखमांची कारणे बहुधा गोठ्याच्या आसपासच सापडतात. कुंपणाची काटेरी तार, रानातील बाभळी-बोरीचे काटे, अरुंद जागेत शेजारच्या जनावराचा पडलेला पाय, उठताना स्वतःच्याच खुराने झालेली इजा, भुकेल्या वासराचे दात ही त्यांतील प्रमुख. संकरित गाईंची कास मोठी व खाली लोंबणारी असल्याने त्यांना धोका अधिक. अंगठा मुडपून सड ओढत धार काढण्याची सवयही सडाला आतून दुखापत करते. पूर्ण मुठीने हलका दाब देणे हीच योग्य रीत. २०२२ साली महाराष्ट्रात लंपी त्वचारोग पसरला, तेव्हा अनेक गाईंच्या सडांवरही गाठी व व्रण उठले आणि कासेची निगा किती महत्त्वाची आहे, हे पुन्हा प्रत्ययास आले.

जखम दिसताच प्रथम हात साबणाने धुवावेत. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे स्थिर दाब द्यावा. एक लिटर पाणी उकळून कोमट करावे, त्यात सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे दीड लहान चमचा मीठ विरघळवावे आणि त्या पाण्याने जखम धुवावी. मग पोव्हिडोन आयोडीन लावावे. राख, माती, शेण, रॉकेल यांपैकी काहीही जखमेला लावू नये. सड बंद झाला म्हणून त्यात काडी, पीस वा सुई घालणे हा तर घोर अपराधच होय. अशा उपायाने आतील नाजूक अस्तर फाटते आणि वाचू शकणारा सड कायमचा जातो.

जखमेतून दूध झिरपत असेल, तर ती सडाच्या आतील पोकळीपर्यंत गेली आहे असे समजावे. येथे घरगुती उपायांत वेळ दवडू नये. ताजी, स्वच्छ जखम पशुवैद्याने काही तासांतच शिवली तर सड वाचण्याची शक्यता मोठी असते. दिवस उलटला की कडा सुजतात, टाके धरत नाहीत. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर लिहिलेला असावा.

धार काढताना निरोगी सड आधी, जखमी सड शेवटी, हा क्रम मोडू नये. जखमी सडाचे दूध वेगळ्या भांड्यात घ्यावे. मात्र ते कासेत तुंबू देऊ नये. वासराला त्या सडापासून दूर ठेवावे, पण उपाशी ठेवू नये. गाय नुकतीच व्याली असेल, तर निरोगी सडांचा चीक काढून पहिल्या एक-दोन तासांतच वासराला पाजावा. पहिल्या दिवसात वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे २५ किलोच्या वासराला अडीच लिटर चीक मिळायला हवा. आईच्या जखमेची शिक्षा लेकराला होता कामा नये.

परंपरेतील औषधींचेही येथे स्थान आहे. सुमारे २५० ग्रॅम कोरफड, ५० ग्रॅम हळद आणि १५ ग्रॅम चुना वाटून केलेला लालसर लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने कासदाहासाठी प्रसृत केला आहे. कास रिकामी करून व धुऊन, पाण्यात पातळ केलेला हा लेप दिवसातून अनेकदा, पाच दिवस लावतात. परंतु हा उपाय सुजलेल्या कासेचा आहे, उघड्या जखमेचा नव्हे. चुना कोवळ्या मांसाला झोंबतो. परंपरेचा आदर म्हणजे तिचा विवेकाने केलेला उपयोग.

पशुवैद्याने प्रतिजैविक दिले असेल, तर सांगितलेली मात्रा पूर्ण करावी. औषध एकाच सडात सोडलेले असले तरी सांगितलेल्या मुदतीपर्यंत चारही सडांचे दूध डेअरीला घालू नये आणि घरातही वापरू नये. ते दूध दुसऱ्याच्या लेकराच्या ओठी जाणार आहे, याचे भान हा गोपालकाच्या सचोटीचा भाग आहे.

सर्वांत स्वस्त उपचार म्हणजे प्रतिबंध. धार संपल्यावर सडाचे तोंड मिटण्यास सुमारे अर्धा ते एक तास लागतो. तोवर गाय खाली बसू नये म्हणून तिला त्याच वेळी ताजी वैरण द्यावी. गोठ्याची जमीन कोरडी व न घसरणारी असावी, उभे राहण्यास पुरेशी जागा असावी, गव्हाणीजवळची तार काढून टाकावी.

गाईच्या कपाळी कुंकू लावणारा हात वसुबारसेला तिच्या पायांवर पाणी घालतो. तोच हात रोज सकाळी धार काढण्यापूर्वी स्वच्छ धुतला जावा आणि चारही सडांवरून एकदा काळजीने फिरावा. गोमातेची यथार्थ पूजा तीच होय.