आखाडांतलें कॉलेज

(आमच्या गांवीं शाळेच्या पटांगणांत पालक व कॉलेजांत जाणारीं मुलें यांच्यापुढें केलेलें भाषण.)



पावसानें आज जरा उघडीप दिली आहे. अशा दिवशीं खुरपणी टाकून तुम्ही येथें येऊन बसलांत, तेव्हां तुमचा वेळ फुकट जाऊं नये याची जबाबदारी आमच्यावर आहे. आम्ही कांहीं पंडित नव्हे. प्राथमिक शाळेचे मास्तर, डी. एड. करून गेलीं पंचवीस वर्षें पाटी-पेन्सिलींत घालविलीं. मोठें व्याख्यान ऐकायला मिळेल अशी आशा कोणी ठेवूं नये.

बोलायचें तें एवढेंच. गांवांतून दरवर्षीं दहा-बारा मुलें तालुक्याच्या कॉलेजांत नांव घालतात, आणि दिवाळीपर्यंत त्यांतलीं तीन-चार पुन्हा गुरांमागें किंवा चुलीपुढें दिसूं लागतात. विचारावें तर उत्तर ठरलेलें असतें. "त्याचं डोकं चालंना." "तिला झेपंना." हीं मुलें आम्ही पहिलीच्या वर्गापासून ओळखतों. पाढे आम्हींच त्यांच्याकडून घोटून घेतले. त्यांचें डोकें चालत नाहीं हें साफ खोटें आहे. मग अडतें कोठें?

जरा पंचांग काढून पहा. कॉलेजचें सत्र, ज्याला हल्लीं सेमिस्टर म्हणतात, तें जून-जुलैंत सुरू होतें. आपल्याकडे तोच पेरणीचा काळ. बियाणें, खत, औत. पाऊस दडला तर दुबार पेरणी. शेतकऱ्याच्या घरांत पैसा येतो तो पीक निघाल्यावर, दसऱ्या-दिवाळीला. पण कॉलेजची फी, खोलीचें भाडें, वह्या-पुस्तकें, एस. टी. चा पास हें सगळें मागणें येतें तें आखाडांत, कणगीचा तळ दिसत असतो तेव्हां. आणि त्याच महिन्यांत आडाचें पाणी गढूळ होतें, डांस माजतात, घरोघर एक तरी माणूस गोधडींत कुडकुडत असतो. म्हणजे रिकामा खिसा, आजार आणि नवें शिक्षण हीं तिन्ही एकाच पंधरवड्यांत एकाच पोराच्या अंगावर येतात. पगारदाराच्या मुलाला पहिली तारीख आखाडांतही चुकत नाहीं. दोघांना एका तराजूंत घालून आपल्याच पोराला मठ्ठ ठरवायचें, हा कोठला न्याय? दुसऱ्यांनीं ठरविलें तर आपण भांडतों. येथें तर आपणच ठरवितों.

हें आम्ही पुस्तकांतलें सांगत नाहीं. आम्ही लोहाराचे. १९९८ सालीं अध्यापक विद्यालयांत आमचा नंबर लागला. त्या दिवसांत आमचा भाता पहांटेपासून चालू असायचा. नांगराचे फाळ, कुळवाच्या पासा, खुरपीं, विळे पाजवून घ्यायला माणसें दारांत उभीं; पण पैसा कोठें? निम्मी गिऱ्हाइकें सुगीच्या बोलीवर. वडिलांनीं दोन शेळ्या विकल्या, त्यांत फी भागली आणि एक पत्र्याची ट्रंक आली. पहिल्याच आठवड्यांत खोली गळून ट्रंकेंत पाणी गेलें व सगळे दाखले भिजले. ते शेजारच्या इस्त्रीवाल्याकडून सुकवून घेतले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा शिक्का अजून पसरलेला आहे. कोणाला पाहायचा असल्यास घरीं यावें. दुसऱ्या आठवड्यांत चपलेचा अंगठा तुटला, आणि तिसऱ्यांत ताप आला.

ताप साधा नव्हता. टायफाइड, ज्याला आपले लोक मुदतीचा ताप म्हणत. खोलींत तिघे राहात होतों, पाणी मिळेल तेथून भरीत होतों, उकळायला रॉकेल कोणाजवळ होतें? डॉक्टरांनीं चौदा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्हीं सात दिवसांच्या घेतल्या. सहाव्या दिवशीं ताप उतरला, तेव्हां बरे झालों असें वाटलें, आणि उरलेल्या गोळ्यांच्या पैशांत एक पाठ्यपुस्तक घेतलें. फार शहाणपण केलें असें त्या वेळीं वाटत होतें! बारा दिवसांनीं तोच ताप दुप्पट जोरानें फिरून आला. जंतू अर्धमेले झालेले असतात, मेलेले नसतात. औषध थांबलें कीं ते पुन्हा उठतात, आणि कांहीं वेळां तें औषध मग त्यांना लागूही पडत नाहीं. हें आम्हांस तेव्हां कोणी समजावून सांगितलें नाहीं, म्हणून आज तुम्हांस सांगतों. चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस.

महिना गेला. आमचे पहिले सराव-पाठ बुडाले. परत गेल्यावर एका शिक्षकांनीं सर्वांसमोर विचारलें, "ऐरण सोडून इकडे कशाला आलास?" वर्ग हंसला. त्या रात्रीं आम्हीं ट्रंक भरली होती. ती उघडायला लावली आमच्या खोलींतल्या एका कुंभाराच्या मुलानें. त्यानें महिनाभर रोज आपल्या वहींत कार्बन घालून दोन प्रती केल्या होत्या, एक त्याची, एक आमची. बोलला कांहीं नाहीं. कागदांचा गठ्ठा पुढें टाकला आणि भाकरी थापायला बसला. आज आम्ही मास्तर म्हणून तुमच्यापुढें उभे आहों तें त्या निळ्या कागदांवर.

म्हणून आम्ही म्हणतों, मुलाचें नांव कॉलेजांत घातलें म्हणजे काम झालें असें नव्हे. तें आजारी पडेल तेव्हां कोठें निजेल, कोणाच्या हातचें खाईल, त्याचा बुडालेला धडा कोण देईल, हेंही तितकेंच पाहावें लागतें. हें मोठ्या माणसांना कधींच उमगलें होतें. शाहू महाराजांनीं १९०१ सालीं कोल्हापुरांत मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह काढलें आणि पुढें एकेका जातीच्या मुलांसाठीं अशीं वसतिगृहें उभीं करविलीं, तीं काय मुलांना चैन पाहिजे म्हणून? खेड्यांतल्या पोराला शाळेच्या दाराइतकेंच निजायला छप्पर लागतें, हें त्यांनीं ओळखलें. भाऊराव पाटलांनीं १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह चालविलें. त्या पोरांच्या पोटासाठीं लक्ष्मीबाईंनीं अंगावरचे दागिने मोडले. आणि जोतीराव फुले! १८८८ सालीं अर्धांगवायूनें त्यांचा उजवा हात गेला. त्यांनीं डाव्या हातानें लिहिण्याची संवय केली आणि 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरें केलें. तें छापून निघालें १८९१ सालीं, त्यांच्या पश्चात्. पण येथें एक सांगून ठेवतों. जोतीरावांचें उदाहरण देऊन आजारी पोराला "उठ, अभ्यासाला बस" म्हणणारे आईबाप आम्हीं पाहिले आहेत. तसें करूं नका. जोतीरावांवरही डॉक्टर विश्राम रामजी घोले यांचे उपचार चालू होते. आधीं औषध, मग डावा हात.

आतां ज्या गोष्टीसाठीं ही सभा आहे तिच्याकडे येतों. आपल्या गांवची एक मुलगी यंदा बी. एस्सी. च्या पहिल्या वर्षाला गेली. तिचे वडील समोर बसले आहेत, त्यांच्या परवानगीनेंच बोलतों. नांव घेण्याचें कारण नाहीं. बारावीला तिला आपल्या गांवांत कोणाला मिळाले नाहींत इतके गुण मिळाले. सकाळीं साडेसहाच्या गाडीनें जायची, तीन वाजतां परत. दोन आठवडे बरें चाललें. मग जिना चढतांना धाप लागूं लागली, डोळ्यांपुढें अंधारी येऊं लागली, आणि एक दिवस प्रयोगशाळेंतच चक्कर येऊन पडली. त्याच आठवड्यांत ओढ्याला पाणी येऊन दोन दिवस गाडी आली नाहीं. त्यांतच फोन भिजून बंद पडला. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, तर ओटीपी यायचा पुण्याला कामाला गेलेल्या भावाच्या नंबरावर, आणि तो रात्रपाळीला. असे सतरा दिवस गेले. तिचे वडील आम्हांला म्हणाले, "मास्तर, यंदा ऱ्हाऊं द्या. बरी झाली कीं पुढल्या सालीं बघूं."

तात्या, तुमच्या काळजीचा आम्ही अनादर करीत नाहीं. पोर पडली हें ऐकून कोणाचेंही पाणी पाणी होईल. पण 'पुढल्या सालीं' हा शब्द आम्हीं या गांवांत फार वेळां ऐकला आहे. पुढल्या सालीं पाहुणे येतात, बघण्याचा कार्यक्रम होतो, आणि पुस्तकें रद्दींत जातात. तेव्हां आज नीट हिशेब करूं.

आधीं आजार. सरकारी दवाखान्यांत तिचें रक्त तपासलें, हिमोग्लोबिन ८.४ निघालें. स्त्रीचें तें निदान १२ असावें. हा रक्तक्षय आहे; भूतबाधा नाहीं, अभ्यासानें आलेला नाहीं, आणि नाटक तर मुळींच नाहीं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो आढळला. म्हणजे येथें बसलेल्या बायकांतही तो असणारच. कां होतो? आपल्या घरांत पोरगी शेवटीं जेवते. पुरुष उठले, भाऊ उठला, मग पातेल्यांत जें राहील तें तिचें. साडेसहाची गाडी धरायची म्हणून सकाळीं नुसता चहा. त्यांत दर महिन्याला पाळींत रक्त जातें, कोणाचें जास्त जातें. पुरुषमंडळींनीं माना खालीं घालण्याचें कारण नाहीं. बैल लंगडला तर आपण चार गांवांच्या माणसांना विचारतों, मग लेकीच्या प्रकृतीची कसली लाज? पोटांतल्या जंतांनींही रक्त कमी होतें. त्याची गोळी सरकारी दवाखान्यांत मिळते.

उपाय महागाचा नाहीं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यांत मिळतात, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणीला व उपचाराला पैसे लागत नाहींत. गोळी घेतल्यावर शौचाला काळें होतें, त्याला भिऊन पुष्कळ जणी गोळी टाकून देतात. तें काळें होणें लोहाचें आहे, त्यांत अपाय नाहीं. गोळी चहाबरोबर घेऊं नये, चहा लोह अंगीं लागूं देत नाहीं. लिंबू किंवा आवळा खावा, त्यानें चांगलें लागतें. आणि चक्कर थांबली म्हणून गोळी थांबवूं नका. महिन्या-दोन महिन्यांत रक्त भरूं लागतें, पण शरीराची कणगी भरायला पुढेंही तीन महिने लागतात. अर्धें औषध काय करतें तें आमच्या तापानें तुम्हांस सांगितलेंच आहे. रक्त पुरेसें चढत नसेल तर पुन्हा डॉक्टर.

आतां कॉलेज. बहुतेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीचा नियम आहे. सत्रांत शिकविण्याचे दिवस ढोबळ मानानें ९० धरा. त्यांतले ६८ भरले पाहिजेत, म्हणजे २२ दिवसांची मोकळीक आहे. तिचे १७ गेले. ५ उरले. गणित एवढेंच आहे, आणि म्हणूनच आज बोलावें लागतें. आणखी आठवडाभर घरीं बसली तर हेंच गणित उलटें होईल. शिवाय आजाराचा वैद्यकीय दाखला जोडून प्राचार्यांकडे अर्ज केला तर त्यांना कांहीं सूट देतां येते. पण तो अर्ज आज द्यावा लागतो. परीक्षेच्या तोंडावर नेऊन दिलेला दाखला पाहून कारकूनही हंसतो. आमचीं मुलें येथेंच चुकतात. तीं गैरहजर राहतात आणि गप्प राहतात. विचारायचें कोणाला, साहेब काय म्हणतील, इंग्रजींत बोलावें लागेल काय! बाळांनो, अर्ज मराठींत लिहा, पोंच घ्या, आणि चाचणी बुडाली असेल तर फेरचाचणीची विनंती त्याच अर्जांत करा. फी एकदम देतां येत नसेल तर हप्ते मागा. मागितल्याशिवाय कोणी देत नाहीं.

शिष्यवृत्तीचें म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला तहसिलींतून मे महिन्यांतच काढून ठेवावा. जुलैंत तेथें जत्रा असते. आधारकार्डाला घरांत राहणाऱ्या माणसाचा नंबर जोडावा. पुण्याच्या भावाची झोप मोडून शिकणें होत नाहीं. गाडीभाड्याची तक्रार आतां कमी झाली आहे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी. त स्त्रियांना अर्धें तिकीट आहे, आणि विद्यार्थ्यांच्या पासाला त्याहूनही मोठी सवलत मिळते.

काल संध्याकाळीं आम्ही त्यांच्या घरीं गेलों होतों. पोरगी पडवींत बसून शेजारच्या मुलीच्या वहींतून रसायनशास्त्र उतरून घेत होती. आतां कार्बन लागत नाहीं, फोनवर फोटो येतो. पण फोनच नाहीं, म्हणून हातानें. आईनें आमच्यादेखत तिला सगळ्यांच्या आधीं ताट वाढलें. तात्या कांहीं बोलले नाहींत, पण ताटाकडे पाहात होते.

तर असें ठरलें आहे. सोमवारीं ती साडेसहाच्या गाडीनें जाईल. डब्यांत भाकरी, पालेभाजी आणि लिंबाची फोड. दाखला व अर्ज आम्हीं तपासून दिला आहे. पहिल्या दिवशीं आम्हीही बरोबर जाणार; शाळेंतून एक दिवसाची किरकोळ रजा घेतली आहे. ज्यांच्या मुलांचीं दाखल्यांचीं वा फीचीं कामें अडलीं असतील त्यांनीं कागद घेऊन रविवारीं संध्याकाळीं आमच्याकडे यावें. आणि ओढ्याला पुन्हा पाणी आलें, तर पलीकडच्या फाट्यापर्यंत ट्रॅक्टरनें पोंचविण्याचें एकानें कबूल केलें आहे. तो मागें बसला आहे. उठून उभा राहा रे, म्हणजे लोकांना तोंड दिसेल.