ॲडमिशन झालं, आता पैशाचं बघू



एप्रिल-मे महिन्यात माझा फोन जरा जास्तच वाजतो. मला निवृत्त होऊन काही वर्षं झाली, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ज्यानं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, त्याला गाव निवृत्त होऊ देत नाही. फोनवर बहुधा वडील असतात. "सर, पोराचं परदेशात ॲडमिशन झालं. पत्र आलंय. आता पैशाचं बघायचं होतं, म्हटलं सरांना विचारावं."

या बोलण्यातला 'आता' हा शब्दच सगळा घोळ करतो. घर बांधायला काढलेला माणूस स्लॅबच्या दिवशी सिमेंट शोधायला निघत नाही. पण उच्च शिक्षणाच्या बाबतीत शहाणीसुरती माणसंसुद्धा हेच करतात. आधी प्रवेश, मग पेढे, मग पैसे.

पैशाच्या अर्जाचं पंचांग वेगळं असतं. अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशाचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत जातात आणि मुलं पुढच्या ऑगस्टमध्ये विमानात बसतात. पण फुलब्राइट-नेहरूची मास्टर्सची फेलोशिप हवी असेल, तर तिचा अर्ज बहुतेक वेळा त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्यात बंद झालेला असतो, आणि वर तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. ब्रिटनच्या चिव्हनिंगलाही २,८०० तासांचा अनुभव हवा. ती शिष्यवृत्ती घेतली की शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. म्हणजे हे काम दीड-दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं. एप्रिलमध्ये फोन येतो तेव्हा माझ्या हातात सांत्वनापलीकडे फारसं काही उरलेलं नसतं.

सरकारी योजनांची तऱ्हा उलटी. समाजकल्याण खात्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. तिथे आधी विद्यापीठाचं पत्र लागतं, मगच अर्ज. विद्यापीठ म्हणतं, अमुक तारखेच्या आत अनामत भरा. योजनेची निवडयादी त्या तारखेपर्यंत लागेलच असं नाही. मधल्या काळात मुलगा कोणाकडून तरी हातउसने घेतो आणि यादीकडे डोळे लावून बसतो. अटीही बदलतात. २०२२ साली केंद्रानं भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज या विषयांवर परदेशात शिकणाऱ्यांना आपल्या योजनेतून वगळलं. त्या विषयाची तयारी करत बसलेल्या मुलांनी काय करायचं, हे कोणी सांगितलं नाही. म्हणून मी मुलांना सांगतो, गेल्या वर्षीच्या मित्राचा फॉर्म बघून चालणार नाही. यंदाची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

अमेरिकेतलं आणखी एक गणित आपल्याकडे फार कमी घरांत माहीत असतं. तिथे विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पीएच.डी.ला घेतलं, तर बहुतेक चांगल्या विद्यापीठांत पैशाची सोय विभागच करतो. फी माफ होते, वर महिन्याला विद्यावेतन मिळतं. बदल्यात पहिल्या वर्षाच्या मुलांची प्रॅक्टिकल्स घ्यायची, पेपर तपासायचे, नाहीतर एखाद्या प्राध्यापकाच्या प्रकल्पावर काम करायचं. याला टीए आणि आरए म्हणतात. एम.एस.ला मात्र सहसा पदरचे पैसे. आमची मुलं म्हणतात, "पीएच.डी. फार मोठी गोष्ट आहे सर, आधी एम.एस. करतो," आणि स्वस्त वाट सोडून महाग वाटेला लागतात. अर्थात फुकट आहे म्हणून कोणी पीएच.डी. करू नये; पाच-सहा वर्षं जातात आणि केस पांढरे होतात. पण ज्याला संशोधनच करायचं आहे, त्यानं शेत विकण्याआधी ही चौकशी करावी. अर्जाची फी परवडत नसेल, तर विभागाला साधं पत्र लिहून माफी मागता येते, आणि अनेक विभाग ती देतात. हे सांगितलं की मुलं माझ्याकडे अविश्वासानं बघतात. फी माफ करा, असं कसं म्हणायचं?

खरी अडचण तिथे आहे. आपल्याकडे मागणं म्हणजे हात पसरणं. लग्नात अहेर मोजून घेणारे, लिहून ठेवणारे आपण. पण शिक्षणासाठी अर्ज करायचा म्हटलं की मान खाली जाते.

अशा वेळी मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा जमाखर्च सांगतो. त्यांच्या विद्वत्तेबद्दल सगळे बोलतात, त्या विद्वत्तेला पैसा कुठून कसा आला याबद्दल कमी. मॅट्रिकनंतर कृष्णाजी अर्जुन केळुस्करांनी त्यांची गाठ सयाजीराव गायकवाडांशी घालून दिली आणि कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये सुरू झाले. केळुस्कर या मुलाला चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला रोज बघत होते. शिफारस करायला याहून चांगला माणूस कुठे मिळणार? १९१३ च्या जूनमध्ये बडोदा संस्थानशी लेखी करार झाला: कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. घेणारा काय देणार, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. पुढे १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी हातभार लावला, नवल भथेना या मित्राकडून ५,००० रुपये उसने घेतले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. संस्थानची शिष्यवृत्ती, पगारातली शिल्लक, राजाची मदत, मित्राचं उसनं. चार ठिकाणांहून गोळा केलेला पैसा होता तो. आणि आमचा मुलगा एका ठिकाणी अर्ज करतो, तिथून नकार आला की म्हणतो, माझ्या नशिबात नाही.

आता कागदांकडे वळतो. गरिबी सिद्ध करायला पैसे लागतात, हे तुम्ही ऐकलं नसेल तर तहसील कार्यालयासमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, म्हणजे नव्या वर्षात नवा काढायचा. आधार कार्डावर बापाचं नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं, पासपोर्टवर तिसऱ्याच स्पेलिंगचं. मग प्रतिज्ञापत्र, मग नोटरी. हे मी भरभर सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही, चपला तेवढ्या झिजतात. जातवैधतेचं मात्र थोडं थांबून सांगायला हवं.

पडताळणी समिती अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी असा एकही कागद नव्हता. आजोबा दुसरीपर्यंत शाळेत गेले होते, एवढीच घरातली आठवण. आम्ही दोघं त्या गावच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकबाईंनी पोषण आहाराच्या तांदळाची पोती बाजूला सारली आणि मागची पत्र्याची पेटी उघडली. दाखलखारीज रजिस्टरची पानं पापडासारखी झालेली, हात लावला की कोपरा तुटायचा. टाकानं लिहिलेली अक्षरं, शाई तपकिरी पडलेली. तासाभरानं १९४६ सालात नाव सापडलं. आडनाव नव्हतंच, मुलाचं नाव, बापाचं नाव, जात. समितीला तेवढंच हवं होतं. बाई उतारा लिहायला बसल्या. हा मुलगा मात्र रजिस्टरवर वाकून शेवटचा रकाना वाचत राहिला. रकान्याच्या डोक्यावर छापलं होतं 'शाळा सोडण्याचे कारण', आणि खाली मास्तरांनी लिहिलं होतं, 'कामावर जातो'. वय वर्षं नऊ. मुलानं मोबाइलवर फक्त त्या रकान्याचा फोटो काढला. अर्जाला तो कुठेही लागणार नव्हता.

आता निबंध, म्हणजे ज्याला मुलं एसओपी म्हणतात. मी शेकडो वाचले आहेत. निम्मे 'लहानपणापासूनच मला' या शब्दांनी सुरू होतात. उरलेल्यांत गरिबीचं वर्णन असतं: कुडाची भिंत, कंदिलाचा उजेड, अनवाणी चाललेले पाच किलोमीटर. ते खरंही असतं. पण निवड करणाऱ्याच्या टेबलावर अशा कंदिलांची रांग लागलेली असते. त्याला कळायचं असतं की पैसे दिले तर ही व्यक्ती काय करणार, आणि आजवर हाताशी जे होतं त्यात तिनं काय केलं.

एक मुलगी तिसरा खर्डा घेऊन आली. एम.एस्सी. केमिस्ट्री, चांगले मार्क, आणि निबंध गुळगुळीत. कुठेही बोट ठेवायला जागा नाही, कारण कुठेही काही सांगितलेलंच नाही. मी म्हटलं, "हे ठेव बाजूला. तुझ्या प्रोजेक्टच्या एका दिवशी काय केलंस ते सांग." ती जरा लाजली. मग म्हणाली, "सर, पांढरकवड्याकडच्या गावांतल्या हातपंपांचं पाणी आणायची मी. फ्लोराइड बघायला. चोवीस बाटल्या, प्लॅस्टिकच्या. एस.टी.त सीटखाली ठेवायची. एकदा कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं. मी म्हटलं, पाणी आहे. तो म्हणाला, पाणी आहे तर खिडकीतून ओतून दे, पुढच्या स्टँडवर भरून घे."

"मग?"

"मग त्याला सांगितलं, हे पाणी प्यायल्यानं दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, त्याची तपासणी आहे. तो गप्प झाला. उतरताना म्हणाला, आमच्या गावचंही बघा. पुढच्या आठवड्यात त्यानं बाटली आणून दिली. सर, त्याच्या गावचं सगळ्यात जास्त निघालं. दीड मिलिग्रॅमची मर्यादा आहे ना लिटरला, तिच्या कितीतरी वर."

मी विचारलं, हे निबंधात का नाही? ती म्हणाली, "एस.टी.चं कसं लिहायचं सर, अमेरिकेत?"

चौथा खर्डा चोवीस बाटल्यांपासून सुरू झाला. त्यात गरिबी हा शब्द नव्हता. कॉलेजात फ्लोराइड मोजायचा इलेक्ट्रोड नव्हता म्हणून तिनं रंग तुलनेची जुनी पद्धत कशी वापरली, त्यात चूक किती येते आणि ती चूक कमी करायला तिला कोणती प्रयोगशाळा हवी, हे होतं. मदत कशासाठी मागतो आहोत, ते त्यातून आपोआप कळत होतं.

शिफारसपत्रांबद्दल थोडक्यात, कारण तिथे मीही गुन्हेगार आहे. "तूच लिहून आण, मी सही करतो," हे वाक्य आम्हा प्राध्यापकांच्या तोंडी सर्रास असतं. ऐन परीक्षेच्या दिवसांत मीसुद्धा ते म्हटलेलं आहे. मग तीन प्राध्यापकांची तीन पत्रं एकाच मुलाच्या भाषेत जातात आणि तिकडे लगेच ओळखू येतात. पत्र अशा माणसाकडून घ्या, ज्यानं तुम्हाला काम करताना पाहिलं आहे. प्राचार्यांच्या शिक्क्याला तिकडे कोणी विचारत नाही.

अर्जात 'तुमच्याकडे स्वतःचे किती पैसे आहेत' असा एक रकाना असतो. तिथे काही जण शून्य लिहितात, म्हणजे दया येईल. काही जण अब्रूसाठी वाढवून लिहितात आणि मग मदतीची गरज काय, हा प्रश्न समोरच्याला पडतो. दोन लाख असतील तर दोन लाख लिहावं.

सगळं करूनही कमी पडलं तर कर्ज आहेच. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांवर गेलं की तारण मागतात, म्हणजे घर किंवा प्लॉट, आणि मग घरात भावाभावांत बोलणी सुरू होतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये सुरू केलेला जे. एन. टाटा एंडोमेंट फंड कर्जरूपी शिष्यवृत्ती देतो. जयंत नारळीकर आणि के. आर. नारायणन हे ती घेणाऱ्यांतले. शिष्यवृत्ती आणि ती परत फेडायची, हे ऐकून अनेक पालक नाक मुरडतात. मला ती कल्पना उलट मानाची वाटते. तुमचे परत आलेले पैसे पुढच्या कोणाला तरी मिळतात.

बाटल्यांच्या मुलीचं पत्र मार्चमध्ये आलं. टीए मिळाली होती. अशा पत्राला उत्तर द्यायला तिथल्या बऱ्याच विद्यापीठांत १५ एप्रिलपर्यंत मुभा असते, त्यामुळे घाई नव्हती. पण तिच्या वडिलांचा फोन त्याच रात्री आला.

"सर, फी माफ लिहिलंय म्हणे. वर महिन्याला पैसे देणार. असं कोणी देतं का? बदल्यात काय द्यावं लागतं?"

मी म्हटलं, "पोरांची प्रॅक्टिकल्स घ्यावी लागतात, पेपर तपासावे लागतात. आठवड्याला वीसेक तास."

ते थोडा वेळ बोलले नाहीत.

"म्हणजे कामाचेच पैसे की."

"कामाचेच."

"मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.