चालकाची बैठक आणि पाठीचा कणा

एसटी बस किंवा मालमोटार चालवणारा चालक पुढे सरकून, कंबरेला टेकू न घेता बसतो, तेव्हा कंबरेच्या मणक्यांचा नैसर्गिक बाक सपाट होतो आणि दोन मणक्यांमधील चकतीवर, म्हणजे धक्के शोषणाऱ्या लवचीक गादीवर, उभे असताना पडतो त्याहून अधिक दाब येतो. त्यातच खडबडीत रस्त्याची कंपने आसनातून शरीरात शिरतात. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला सुमारे ४ ते ६ आवर्तनांच्या कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि अवजड वाहनांत नेमकी अशीच कंपने वारंवार आढळतात. चकती मागे सरकून मज्जातंतूची मुळे दाबली गेली, की वेदना नितंबापासून पोटरीपर्यंत उतरते, हीच सायटिका. अशा वेदनेत क्लच दाबणारा चालक स्वतःबरोबर प्रवाशांचीही सुरक्षितता पेलत असतो, म्हणून दर पाळीला आसन नव्याने जुळवण्यास वेळ मिळालाच पाहिजे. २०२५ मध्ये रद्द झालेल्या मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ प्रमाणे सलग ५ तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. अशा विश्रांतीतील काही वेळ चालण्यात घालवणे हितकारक असते, कारण प्रौढ चकतीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसल्याने तिचे पोषण आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावरच अवलंबून असते.